कोंडिबाचा नंबर

कोंडिबा ढेब्याबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललो नाही. विषय निघाला की मी चहा सांगायचो, नाहीतर कुणीतरी हाक मारल्यासारखं करून उठायचो. गेल्या माघात तो वारला. दहाव्याला नदीवर माझ्या हातात माइक आला, तेव्हाही जे बोलायचं ते राहूनच गेलं.

आमच्याकडं दहाव्याला भाषणं होतात. पतसंस्थेचा संचालक, डेअरीचा चेअरमन, पडलेला सरपंच असे एकेक जण उठतात आणि गेलेला माणूस आपल्याला किती जवळचा होता ते सांगतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत हे चालतं. मी जीप संघटनेचा माजी अध्यक्ष म्हणून उठलो. म्हणालो, "शिस्तीच्या प्रश्नावरून कोंडिबांचं आणि संघटनेचं थोडं वाजलं, पण माणूस मनानं दिलदार."

त्यातला एकही शब्द खरा नव्हता. कोंडिबा दिलदार नव्हता. शिस्त त्यानं मोडली नव्हती. आणि 'थोडं वाजलं' याचा अर्थ आम्ही त्याचा धंदा बंद पाडला होता. खाली बसलो तेव्हा आमच्यातला जगू माझ्या कानाशी म्हणाला, "अण्णा, लई मोठ्या मनानं बोललात." मला स्वतःची किळस आली. म्हणून आता हे कागदावर उतरवतो आहे.

कोंडिबाचं घर हिर्डोशीच्या वर, धनगरवाड्यात. त्याची जीप हिर्डोशी ते भोर चालायची, कधीमधी पुढं कापूरहोळपर्यंतही. उंच, वाळका, चालताना एक खांदा वर. जीपची पुढची काच तो डोक्यावरच्या टोपीनं पुसायचा आणि तीच टोपी झटकून परत डोक्यावर चढवायचा. हॉर्न वाजवायचा नाही. वळणावर समोरून कुणी आलं तर काचेतून त्याच्याकडं नुसतं बघायचा. समोरचा मागं घ्यायचा.

त्याच्या तोंडी दोनच शब्द कायम असायचे. "बसा गप." प्रवाशानं भाडं विचारलं, बसा गप. गाडी कधी सुटणार विचारलं, बसा गप. एका नवीन आलेल्या मास्तरांनी त्याला देवघर धरणाचं पाणी किती छान दिसतंय असं सांगितलं, त्यांनाही तेच. पाणी आलं तेव्हा खालच्या गावांची भातखाचरं त्यात गेली होती आणि ढेब्यांची चराईही गेली होती. मास्तरांना ते माहीत नव्हतं, आणि कोंडिबा सांगत बसणारा नव्हता.

लोक त्याला शिव्या घालायचे. त्याच्याच गाडीत बसून घालायचे. तो ऐकायचा आणि आरशात बघून नाकातून हवा सोडायचा. त्याला कुणाचं कौतुक नव्हतं. पुढाऱ्यांचं नाही, देवस्थानच्या पंचांचं नाही, आमचं जीपवाल्यांचं तर नाहीच. "आपुन काय लई मोठी सेवा करतो का? मान्सं कोंबतो आन पैसं घेतो," असं तो चारचौघांत म्हणायचा. संघटनेच्या फलकावर आम्ही 'जनसेवा' असं रंगवलं होतं. त्याखाली तो मुद्दाम तंबाखूची पिचकारी मारायचा, असा जगूचा आरोप होता. आरोप खरा होता, मी पाहिलं आहे.

जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा मानाची. ती कुणाला द्यायची हे सगळ्या जीपवाल्यांचं ठरलेलं असतं: सरपंच, मास्तर, पोलीसपाटील, नवी नवरी. कोंडिबा ती जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवायचा आणि मग कुणालाही बोलवायचा. एकदा त्या वेळचे सरपंच पांढऱ्या कपड्यांत आले. पुढच्या सीटवर कोंडिबानं एक मेंढा बसवला होता. भोरच्या दवाखान्यातून औषध पाजून आणलेला.

सरपंच म्हणाले, "याला मागं घे की रं."

"मागं हिसकं बसत्यात. त्येला हगवण लागलीय," कोंडिबा म्हणाला. "तुमाला लागलीय का?"

सरपंच मागच्या फळीवर, तांदळाच्या पोत्याला टेकून हिर्डोशीपर्यंत गेले. मेंढा काचेतून बाहेर बघत होता. ही गोष्ट आम्ही स्टँडवर इतक्या वेळा सांगितली की पुढं सरपंच स्वतःच ती सांगायला लागले, फक्त त्यांच्या सांगण्यात त्यांनी मेंढ्याला स्वखुशीनं जागा दिलेली असायची.

आता नंबर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भोरला आमच्या स्टँडवर प्रत्येक जीपला संघटनेचा पत्र्याचा नंबर असतो. तो आरशाला टांगायचा. पहिल्या नंबरची जीप भरली की सुटणार, मग दुसरी लागणार. नंबर नसलेल्या जीपनं स्टँडवर माणूस उचलायचा नाही. उचलला तर बाकीचे सगळे मिळून त्याची गाडी अडवणार. परवाना, विमा, पोलीस या गोष्टी त्याच्यानंतर येतात. नंबर गेला की जीप म्हणजे दारातलं भंगार.

गाडी भरल्याशिवाय सोडायची नाही हाही नियमच. कोंडिबा तो पाळत नसे. मनात आलं की पाच-सहा माणसांवर किल्ली फिरवायचा. जगू ओरडायचा, "अरे मोकळी कशाला नेतोस? रेट पाडशील आमचा." कोंडिबा म्हणायचा, "कंटाळा आला तुजं त्वांड बघून." माणसांची काळजी वगैरे काही नव्हतं. त्याला खरोखरच आमची तोंडं बघवत नसत.

मग एसटीचं तिकीट बदललं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट झालं आणि नंतर बायकांना अर्ध्यात झालं. आमच्या जीपा बायकांवर चालत होत्या. बाजाराला बायका, दवाखान्याला बायका, माहेरी बायका, देवाला बायका. त्या एका आठवड्यात उठून एसटीकडं गेल्या. आधी एसटी आली की आमच्या जीपा तिच्या पुढं पळायच्या आणि प्रत्येक थांब्यावरची माणसं गोळा करून न्यायच्या. आता थांब्यावर जीप उभी राहिली तरी बायका तोंड फिरवून लाल गाडीची वाट बघत उभ्या राहायच्या. आमच्याकडं उरले ते घाईतले पुरुष आणि उधारीवाले.

त्या दिवसांतले आम्ही आठवतो तेव्हा हसू येतं आणि ते चांगलं हसू नसतं. सकाळपासून टपरीवर बसून सरकारला शिव्या द्यायच्या. फुकट खाऊन लोक माजले म्हणायचं. ज्या प्रवाशांना कालपर्यंत 'मावशी, आक्का' म्हणून हाताला धरून गाडीत ओढत होतो, त्यांना 'अर्ध्या तिकिटाच्या' म्हणायचं. आणि संध्याकाळी घरी गेलं की आपापली बायको अर्ध्याच तिकिटात माहेराहून परत आलेली असायची. हे प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मी अध्यक्ष. माझ्या दोन जीपा, दोन्हींवर ड्रायव्हर ठेवलेले. मी तहसील कचेरीवर मोर्चा काढायचा ठराव मांडला. सगळ्यांनी हात वर केले. कोंडिबा बोनेटवर बसून नखं काढत होता.

"कोंडिबा, तुझं काय?" मी विचारलं.

"मोर्च्याला बाया लागत्यात, अध्यक्ष. फोटूत दिसाया. आन बाया येनार कशानं?"

त्यानं नखावर फुंकर मारली.

"येष्टीनं येतील की," तो म्हणाला, आणि नखं काढत राहिला.

मोर्चा निघाला नाही. पण माझा अपमान झाला होता आणि अध्यक्षाला काहीतरी करून दाखवावं लागतं. मी दुसरा ठराव आणला. जीपवाल्याच्या घरचं कुणी माणूस एसटीत चढलेलं दिसलं तर त्या जीपचा नंबर काढून घ्यायचा. मला वाटलं, यानं एकी राहील. आज वाटतं, दुसऱ्या कुणावर तरी रुबाब करायला मिळावा एवढंच मला हवं होतं. ठराव पास झाला. कोंडिबानं हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही. तो टोपीनं काच पुसत होता.

माझी बायको सुमन. आमची मुलगी कात्रजला दिलेली. सुमनचे गुडघे गेलेले, कात्रजला एका डॉक्टरकडं तिचे उपचार चालू होते, म्हणजे मुलीकडं राहून तेही व्हायचं. ठराव झाला त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "मग मी आता जायचं कसं? जीपमधी पाय दुमडून बसवत न्हाई मला."

मी म्हणालो, "भोरच्या स्टँडवर चढू नकोस. कापूरहोळपर्यंत जीपनं जा. तिथून हायवेला एसटी मिळते. तिथं कोण बघतंय?"

हे मी म्हणालो. ज्यानं ठराव मांडला त्यानं.

त्या सकाळी कापूरहोळच्या फेरीला लागलेली पहिली जीप कोंडिबाची होती. मी सुमनला त्यात बसवलं. त्यानं न सांगता पुढची जागा तिला दिली. मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "कापूरहोळला उतरव. पुढं ती जाईल."

"पुढं कशानं?"

"जाईल कशानं तरी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. वळणावर समोरच्या गाडीकडं बघायचा तसं. "बसा गप," असं मात्र म्हणाला नाही. दुपारी परत आला, माझ्या शेजारी टपरीवर बसला आणि चहाचा ग्लास उचलता उचलता म्हणाला, "वैनींना खिडकी मिळाली."

एवढंच. त्यानंतर त्यानं त्याचा उच्चार केला नाही. सुमन नंतर म्हणाली की त्यानं तिची पिशवी उचलून एसटीत ठेवली होती आणि आत बसलेल्या एका पोराला उठवलं होतं.

त्याची आई, चिंगाबाई, तेव्हा पंचाहत्तरीच्या बरीच पुढं गेलेली. जन्मभर ती वाड्यावरून हिर्डोशीला पायी उतरली आणि पायी चढली. डोक्यावर लोणी, लोकर, नाचणी, कधी आजारी पोर. एसटी फुकट झाली आणि म्हातारीला नाद लागला. काम असो-नसो, ती रस्त्यावर येऊन बसायची, एसटीत चढायची, खिडकी पकडायची, भोरला उतरून एक चहा प्यायची आणि त्याच गाडीनं परत. लेकाच्या जीपमध्ये बसायला तयार नसायची. "तुज्या जीपमदी मान्सं खुराड्यावानी. मला वकारी येती," असं त्याच्या तोंडावर सांगायची. कोंडिबाला ठराव माहीत होता. पण आईला अडवणं त्याला जमण्यातलं नव्हतं, आणि मला वाटतं त्याची इच्छाही नव्हती.

पावसाळ्यात एकदा धरणाच्या बाजूला दरड आली. अर्ध्या रस्त्यावर माती आणि दगड. एसटीला जायला वाव नव्हता, जीप कडेनं निघू शकत होती. मागून कोंडिबा रिकामी जीप घेऊन आला. एसटीतल्या बायका पटापटा उतरून त्याच्या दारांना लोंबकळल्या. माझा एक ड्रायव्हर भरलेली जीप घेऊन त्या एसटीच्या मागंच होता, त्यानं सगळं बघितलं.

"तिकीट काडलंय न्हवं?" कोंडिबानं विचारलं.

"काडलंय, पर गाडी जाईना झालीय. भावजी, भोरपातुर सोडा की."

"मंग त्यातच बसा. अर्धी वाट अर्ध्या तिकिटात, अर्धी माज्याकडं, असं न्हाई चालायचं. उंद्या परत तिकडंच जानार तुमी." आणि त्यानं दारं ओढून घेतली.

तेवढ्यात एसटीच्या खिडकीतून चिंगाबाईचं डोकं बाहेर आलं.

"जा रं जा," ती ओरडली. "कुनी बलवलंय तुला? आमी हितं फुकाट बसलोय."

सगळी गाडी हसली. कोंडिबा आईला तिथंच ठेवून निघून गेला. माती काढून रस्ता मोकळा व्हायला दुपार झाली. म्हातारी तोवर खिडकीत बसून होती, आणि नंतर भोरला येऊन तिनं आपला चहा प्यायला.

संध्याकाळपर्यंत ही हकिगत स्टँडभर झाली. हसणं ओसरल्यावर जगूच्या लक्षात आलं. "अण्णा, म्हातारी कुणाच्या घरची? ठराव काय सांगतोय?" त्याच्या भाच्यानं नवी जीप घेतली होती आणि त्याला नंबर हवा होता. हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी टपरीमागच्या शेडमध्ये बैठक घेतली. मी खुर्चीत, बाकीचे फळ्यांवर. जगूनं ठराव वाचून दाखवल्यासारखा तोंडपाठ म्हणून दाखवला. मी विचारलं, "कोंडिबा, तुझी आई एसटीत होती का?"

"हुती. रोज असती."

"तिला सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू? जल्मभर डोंगार तुडीवला तिनं. आता कुनी बसा म्हनलं तर बसली. तिच्या बुडाखालची जागा माज्या बापाची न्हाई आन तुमच्या बी न्हाई."

कुणीतरी हसलं, जगूनं त्याला गप्प केलं. "नियम सगळ्यांना सारखा," जगू म्हणाला. "आमी बी घरच्यांना कळ सोसायला लावलीच की."

कोंडिबानं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. तिथल्या किती जणांच्या बायका त्याच आठवड्यात एसटीत बसल्या होत्या ते रस्त्यावर फिरणाऱ्या माणसाला माहीत नसणं शक्य नव्हतं. मग तो माझ्याकडं बघत राहिला. मला कळलं की आता हा बोलणार. कापूरहोळ, पिशवी, खिडकी. मी पुढच्या कपबशीतल्या चहावर आलेली साय बघत होतो. ती मी बोटानं बाजूला केली. आजही ते बोट आठवतं.

"अध्यक्ष, तुमचं काय म्हननं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम."

तो उठला, बाहेर गेला. आम्हाला वाटलं निघून गेला. पण तो जीपच्या आरशाला टांगलेला पत्र्याचा नंबर सोडून घेऊन आला आणि माझ्या बशीत ठेवला. चहा सांडला. दारापर्यंत जाऊन तो वळला.

"वैनींच्या गुडघ्याला आराम हाय का इचारलंय म्हनून सांगा."

बाकीच्यांना ते माणुसकीचं बोलणं वाटलं. जगू म्हणालासुद्धा, "बघा, रीत सोडली न्हाई गड्यानं."

मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली की त्यानं माझी अब्रू राखली. तसं नव्हतं. त्याला माझी अब्रू राखायची नव्हती आणि घालवायचीही नव्हती. सरपंचाशी, मास्तराशी, जगूशी तो जसा दोन शब्दांपलीकडं बोलत नसे, तसाच मी. मला उघडं पाडायचं तर मला माणसात धरावं लागलं असतं, आणि त्यानं मला धरलं नाही.

त्याचा नंबर जगूच्या भाच्याला सरळ दिला असता तर ते वाईट दिसलं असतं. म्हणून मागच्या सगळ्यांना एकेका नंबरानं पुढं सरकवलं आणि शेवटचा नंबर भाच्याला दिला. पुढं सरकलेल्यांत माझी दुसरी जीपही होती.

सुमनला मी त्या रात्री सांगितलं. तिनं ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "आणि तुमी गप बसलात?" मी भाकरी मोडायला लागलो. पुढच्या वेळी ती कापूरहोळला गेली नाही. भोरच्या स्टँडवर, भर बाजारच्या दिवशी, आमच्या टपरीसमोरून काठी टेकत गेली आणि एसटीत चढली. सगळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता माझे दोन्ही नंबर जाणार, आणि खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं. जगू जवळ आला.

"अण्णा, वैनी?"

"डॉक्टरनं जीपचे हिसके बंद सांगितलेत," मी म्हणालो.

"मग काय, इलाज न्हाई," जगू म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. ठराव तिथंच संपला. महिन्याभरात सगळ्यांच्या बायका उघड उघड एसटीनं जायला लागल्या. कोंडिबाला परत बोलवावं असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

त्यानं जीप राजगडाच्या पायथ्याला, पालीतल्या एकाला विकली. ती आता शनिवार-रविवारी पुण्याहून गड चढायला येणाऱ्या पोरांना वाहते. कोंडिबा परत म्हशी आणि शेरडांकडं वळला. आमची संघटनाही फार टिकली नाही. निम्म्या जीपा विकल्या गेल्या. फलक अजून आहे, 'जन' पुसलं गेलंय.

मी पंचाहत्तरी ओलांडली, आणि एके दिवशी आधार कार्ड खिशात घालून हिर्डोशीवरून पुढं जाणाऱ्या एसटीत चढलो. वाड्यावर जायचं, त्याच्या दारात उभं राहून बोलायचं, असं ठरवलं होतं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. लांबलचक काही नव्हतं, एकच वाक्य. कंडक्टर बाईनं शून्याचं तिकीट दिलं. गाडी बायकांनी भरलेली, माझ्याशेजारची जागा तेवढी मोकळी होती.

धरणाच्या कडेच्या एका थांब्यावर कोंडिबाच चढला. हातात दुधाची रिकामी किटली. केस पांढरे झालेले, टोपी तीच असावी. त्यानं मला पाहिलं.

"अध्यक्ष. फुकाट का अर्ध्यात?"

"फुकट," मी म्हणालो.

"बरं झालं. म्हातारी गेली आमची. ती खिडकी रिकामीच हुती."

मी खिडकीशीच बसलो होतो. मी शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणालो, "बस की."

"नगं. हुबं ऱ्हायाला बी तेवडंच तिकीट." त्यानं कंडक्टर बाईला पैसे दिले. "एक फुल्ल द्या, ताई. मला काय सवलत न्हाई." बायका हसल्या. तोही नाकातून हवा सोडून हसल्यासारखा करून पुढच्या काचेतून रस्ता बघत उभा राहिला. ड्रायव्हरनं वळणावर हॉर्न दिला तेव्हा त्याची मान किंचित हलली.

मी वाक्य जुळवत होतो. गाडीत बायका होत्या, त्यांच्यादेखत कसं बोलायचं, असं मनात आलं. नंबर मी काढला होता तोही सगळ्यांदेखतच. हिर्डोशी आलं. तो उतरला. मलाही तिथंच उतरायचं होतं, मी दांडा धरून अर्धा उठलोही. "वैनी बऱ्या हायत का?" त्यानं खालून विचारलं. मी मान हलवली. त्यानं एसटीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, जीप सुटताना मारायचा तशा. ड्रायव्हरला वाटलं उतरणारे सगळे उतरले. गाडी हलली, आणि मी खाली बसलो.

शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि त्याच गाडीनं परत आलो. येताना तो चढणीच्या वाटेवर दिसला, किटली खांद्यावर, एक खांदा वर. गाडीकडं त्यानं वळून पाहिलं नाही. मी काच सरकवली. तोंड उघडलं, आणि गाडी वळणाआड गेली. म्हणायचं होतं ते एवढंच: कोंडिबा, त्या दिवशी नंबर माझा जायला हवा होता.